चिकटवलेला भाव

आमच्या शिरूरच्या कापडदुकानात आबा, म्हणजे माझे वडील, साडीचा भाव मुद्दाम चढा सांगायचे आणि घासाघीस करत खाली यायचे. मला त्या नाटकाचा वैताग यायचा. त्यांच्यामागं दुकान माझ्याकडं आलं, तसा ते जिथं थांबायचे तोच भाव मी प्रत्येक साडीवर चिकटवून टाकला.

न्हावऱ्याहून नेहमी येणाऱ्या मावशींनी साडी पसंत केली आणि भाव वाचला. “आबांनी माझ्यासाठी कमी केलं असतं.”

“मावशी, कमी करूनच लिहिलंय.”

“कुनासाठी?” एवढंच विचारून त्या साडी ठेवून गेल्या.

अशी गिऱ्हाइकं तुटली, नफाही आटला. आता मी पुन्हा चढा भाव सांगतो. समोरचा मोबाईलवर भाव बघतो आणि निघून जातो. “कमी करा” म्हणायलाही कोणी थांबत नाही.