फळ्यांची खालची बाजू

नाशिकला समुद्र नाही, हे मला कुणी सांगायला नको. तरी शिडाची बोट होती, आणि तिच्या केबिनमधल्या लाकडी जमिनीचं काम आम्ही बापलेकांनी केलं होतं. सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

देवळाली कॅम्पातले एक निवृत्त फौजी साहेब गंगापूर धरणाच्या पाण्यात ती बोट चालवायचे. चार माणसं वाकून बसतील एवढी केबिन, खाली सागाच्या सुट्या फळ्या. उन्हाळ्याआधी डागडुजीसाठी बोट बंगल्यामागच्या शेडमध्ये आणली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी चोवीस वर्षांचा, अंगात मस्ती. अण्णा, म्हणजे माझे वडील, नाशिकच्या द्वारका चौकापासून कॅम्पापर्यंत नावाजलेले पॉलिशवाले. पण शुगरमुळे त्यांच्या बोटांची टोकं बधिर होत चालली होती. पॉलिशवाल्याची बोटं गेली की राहिलं काय? रोज सकाळी ते अंगठा बोटांवर घासून बघायचे आणि गुपचूप चहा प्यायचे. एवढं बोटीचं काम उतरलं तर अजून आपला हात चालतोय म्हणायचं, असं ते आईला म्हणाल्याचं मी ऐकलं होतं.

साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मिस्त्री, फळीच्या सहाही बाजू बंद झाल्या पाहिजेत. खाली पाणी साचतं."

आमच्या धंद्यात कपाटाची पाठ आणि टेबलाचं पोट कोण पॉलिश करतं? दिसतं तेवढंच चकाचक. मी मनातल्या मनात हसलो. अण्णांनी मात्र ते मनावर घेतलं. सगळं जुनं वॉर्निश खरवडून, घासून लाकूड कोरं केलं. पहिला हात निम्मं थिनर घालून पातळ, म्हणजे लाकूड तो पिऊन घेतं. मग एकेक दिवस सोडून, मधे हलकं घासून, दोन दाट हात. वरची बाजू आणि कडा त्यांनी स्वतः केल्या. खालची बाजू माझ्याकडे होती.

नेमकी तेव्हाच त्यांच्या पायाची जखम चिघळली आणि डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं. वॉर्निशचं मिश्रण त्यांनी घरीच करून दिलं. मी पातळ हात मारला. दाट हाताच्या दिवशी रंगपंचमी. गावात रहाडी उघडलेल्या, रंगाने भरलेल्या त्या हौदांत उड्या मारायला सगळे मित्र गेलेले, आणि मी कॅम्पात फळ्यांची पोटं रंगवत बसू? मी निघालो. दोन दिवस कपाळावरचा रंग निघाला नाही. मग बोट पाण्यात सोडायचा दिवस तोंडावर आला, दाट हात मारायला वेळच उरला नाही म्हणून मी मेणाचा बोळा फिरवून फळ्या गुळगुळीत केल्या. उरलेलं वॉर्निश ओतून दिलं. डबा रिकामा दिसायला हवा ना! हरामखोरपणाच तो, दुसरा शब्द नाही.

अण्णा लंगडत आले. फळी उलटी करून बोटं फिरवली.

"तिन्ही हात मारले ना रे?"

"हो, अण्णा."

"बसलंय मग."

दोन महिन्यांनी साहेबांनी बोलावलं. फळ्या फुगून एकमेकींत अडकल्या होत्या. एक कशीबशी उपटून त्यांनी उलटी केली. खाली काळी पडलेली, वॉर्निशचे पोपडे सुटलेले. साहेब भले, ओरडले नाहीत. अण्णा फळीकडे बघत राहिले, मग स्वतःच्या बोटांकडे.

"माझ्याकडून थिनर जास्त पडलं, साहेब. आणि हात फिरवूनबी कळलं नाय मला."

तोंड उघडायची वेळ तीच होती. साहेबांच्या देखत लाज वाटली मला, बस्स. पाणी काढून, फळ्या वाळवून, सगळं काम मी पुन्हा केलं, मिश्रणही मीच केलं. सहाही बाजूंना तीन हात. पुढचा पावसाळा गेला, फळी केसभर हलली नाही. आपला हात गेला, अशी अण्णांना त्यातूनच खात्री पटली. त्यांनी ब्रश धुऊन माझ्या हातात दिले आणि पुन्हा कामावर आले नाहीत. पुढची कितीतरी वर्षं ते ओट्यावर बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, बोटीचं काम मी बिघडवलं, पोराने सावरलं. मी आत जेवत असलो तरी मला ऐकू यायचं.

त्यांचा पाय कापावा लागला, त्या वर्षी मला राहवलं नाही. त्यांच्या खाटेशी बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. रहाड, मेण, ओतून दिलेलं वॉर्निश. म्हटलं, "अण्णा, तुमचं मिश्रण बरोबर होतं. हात गेला नव्हता तुमचा."

ते हसले. "माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून किती खोटं बोलशील रे?"

मी आईची शपथ घेतली. त्यावर ते म्हणाले, "गप. आईला मधी आणू नको."

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका त्यांना बघायला आले. अण्णा उशीला टेकून त्यांना कौतुकाने सांगत होते, पोरगा लय गुणाचा हाय, माझी चूकबी स्वतःच्या अंगावर घेतो.