साबुदाण्याची उसळ आणि इतिहासाची एम.ए.

स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारात होतं आणि प्रज्ञा ते सोडायला तयार नव्हती.

“सर, आत नका जाऊ देऊ. मावशींनी खाल्लंय.”

प्रज्ञा मेश्राम, रामपायलीची. इतिहासात एम.ए. आमच्या हॉस्पिटलात लागून तिला दीडच महिना झाला होता. स्ट्रेचरवर लालबर्र्याकडच्या सुमनबाई राऊत होत्या, पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी आलेल्या. आणि हातमोजे घालून आतून बाहेर आले ते आमचे सर्जन आणि मालक, डॉक्टर चौरसिया.

“बोरकर, ये लड़की कर क्या रही है?” त्यांनी मला विचारलं.

मला विचारणं बरोबरच होतं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या या चाळीस खाटांच्या खासगी हॉस्पिटलात बावीस वर्षं मी प्रशासक आहे, आणि प्रज्ञाला मीच घेतलं होतं. डॉक्टरांच्या मनाविरुद्ध.

जागा पेशंट सहायकाची होती. म्हणजे आलेल्या माणसाला कुठे जायचं, कोणता कागद हवा, आत काय होणार, हे सांगायचं. जाहिरातीत मी दोन वर्षांचा अनुभव मागितला होता. अनुभववाले आलेही. त्यातल्या एकाने मुलाखतीत तीनदा फोन उचलला. प्रज्ञाच्या अर्जात अनुभवाच्या पुढे आडवी रेघ होती.

“कुठंच काम नाही केलं?”

“नाही सर. तीन ठिकाणी गेलती. सगळीकडे म्हणतात, अनुभव घेऊन या. काम देत कोणीच नाही.”

“मग दोन वर्षं काय केलं?”

“एम.ए. त्यात एक प्रोजेक्ट होता. राइस मिली यायच्या आधी बाया घरी धान कांडायच्या, त्यांच्या आठवणी गोळा केल्या. सुरुवातीले त्या हौ-नाही करून उठून जायच्या. मग आमच्या मॅडमनं सांगितलं, हौ-नाहीचा प्रश्न विचारूच नको. दिवसभराचं विचार, मग बाई आपसूक बोलते.”

हे उत्तर मला आवडलं. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मी स्वतः राज्यशास्त्राचा बी.ए. मलाही कुणीतरी पहिली खुर्ची दिली होती, तेही कारण असेल.

डॉक्टर हसले होते. “हिस्ट्री पढ़के आई है. मरीज को पानीपत की लड़ाई सुनाएगी क्या?” मी तीन महिन्यांची ट्रायल मागून घेतली.

पहिल्या महिन्यात तिने चुका केल्या. सोनोग्राफीचा पेशंट एक्स-रेला धाडला. एका साध्या तक्रारीवर दोन पानांची नोंद लिहून माझ्या टेबलावर ठेवली. डॉक्टर मला जाता-येता विचारायचे, “आपकी हिस्टोरियन कैसी है?” मी ऐकून घ्यायचो.

आणि आता ती थिएटरचं दार अडवून उभी होती.

“सर, इन्होंने सुबह छह बजे साबूदाना खाया है,” प्रज्ञा डॉक्टरांना म्हणाली. तिचा हात स्ट्रेचरवरून हलला नाही.

“फाइल में निराहार लिखा है. सिस्टर ने पूछा है.”

तेवढ्यात सुमनबाईंनीच मान उचलली. “निराहारच तर हाय साहेब! अन्नाचा कण नाही पोटात. उपासाचंच खाल्लं. साबुदाण्याची उसळ अन् कपभर चहा.”

डॉक्टरांनी हातमोजे उतरवले.

इथे थोडं समजावून सांगतो. पूर्ण भूल दिली की माणसाचा घशावरचा ताबा जातो. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. त्यात जीवही जातो. म्हणून ऑपरेशनआधी आठ तास पोट रिकामं ठेवायला सांगतात. आमच्या छापील कागदावर त्यासाठी शब्द होता ‘निराहार’. तो कुणाला कळत नाही म्हणून सिस्टर फोनवर सांगायच्या, “उपवास रखके आना.” आणि आमच्या भागात उपास म्हणजे पोट रिकामं नसतं. उपास म्हणजे साबुदाणा, भगर, शिंगाडा, केळी, चहा. सुमनबाईंनी आमचं म्हणणं तंतोतंत पाळलं होतं.

भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम गोंदियाहून आठवड्यातून दोनदा येतात. त्याही बाहेर आल्या. “मी विचारलं होतं, काही खाल्लं का? नाही म्हणाल्या,” त्या हळूच म्हणाल्या. मग घड्याळ बघितलं. “दोननंतर घेऊ. मी थांबते.”

सुमनबाईंचे यजमान मात्र भडकले. “काहून रोकलं? सकाळपासून भेव घेऊन बसली हाय ते!”

“काकाजी, मावशीच्या जिवासाठीच रोकलं,” प्रज्ञा म्हणाली आणि त्यांना बाकावर बसवून सगळं समजावत राहिली. तेही मग शांत झाले.

मी तिला बाजूला घेतलं. “तुला कळलं कसं? दोघींनी विचारलं होतं.”

“सर, सगळे विचारतात, ‘कुछ खाया तो नहीं?’ त्याचं उत्तर नाहीच येते. मावशी घाबरल्या होत्या, म्हणून मी नुसतं म्हटलं, सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते सांगा. त्या सांगत गेल्या. आंघोळ, देवाचा दिवा, उसळ, मग गाडी.” मग जरा थांबून म्हणाली, “बाकीच्यांना पण विचारू का?”

त्या दिवशी यादीत आणखी तिघं होते. त्यातल्या एका आजोबांनी दूध घातलेला चहा आणि चार बिस्किटं घेतली होती. “चाय खाने में थोड़ी आती है बेटी,” ते म्हणाले.

ते ऐकून मला एक जुना प्रसंग आठवला. त्याच्या आदल्याच वर्षी आमच्याकडे एका पेशंटला भूल देताना उलटी झाली होती. तो थोडक्यात वाचला. तेव्हा आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, एकच म्हटलं होतं, पेशंट खोटं बोलला. तो खोटं बोलला नव्हता. आम्हीच त्याला चुकीचं विचारलं होतं.

सुमनबाईंचं ऑपरेशन तीन वाजता झालं. व्यवस्थित झालं. तिसऱ्या दिवशी चालत घरी गेल्या.

संध्याकाळी डॉक्टरांनी प्रज्ञाला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता शाबासकी मिळेल. ते एवढंच म्हणाले, “वो कागज़ नया लिखो. जैसे लोग बोलते हैं, वैसे.”

तिने दोन दिवस घेतले. मराठीत आणि हिंदीत लिहिलं, मग बाहेर बाकावर बसलेल्या बायांना वाचून दाखवलं आणि जिथे त्या अडल्या तिथे शब्द बदलले. ‘जेवण नाही. उपासाचं पण नाही. चहा, दूध, बिस्किट नाही. तंबाखू, खर्रा नाही.’ खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, इथे बरेच जण चघळतात, पण ती ओळ मला सुचली नसती. पहिल्याच आठवड्यात त्या ओळीचा उपयोग झाला. ट्रायलचे उरलेले दिवस कुणी मोजले नाहीत.

आज प्रज्ञा पेशंट विभागाची प्रमुख आहे. हाताखाली तिघी आहेत, दोघी आर्ट्सच्या, दोघींची पहिलीच नोकरी. नव्या सिस्टर आल्या की पेशंटशी कसं बोलायचं ते तीच शिकवते. परवा राउंडला मी डॉक्टरांच्या मागे होतो. ते एका आजीच्या खाटेवर टेकले आणि म्हणाले, “आजी, सुबह से क्या-क्या किया, सब बताओ.” आजी पंधरा मिनिटं बोलल्या. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मला त्या वेळी जे वाटलं, ते पगारवाढीनेही कधी वाटलं नव्हतं.

जाहिरातीत ‘अनुभव आवश्यक’ असं मी वीस वर्षं लिहीत आलो. फार सोयीचे शब्द आहेत ते. लिहिले की नेमकं कोणतं काम करणारा माणूस हवाय, याचा विचार करावा लागत नाही.