डिकीतली फणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते मलाही कळत नाही.

जळगावात माझं गॅरेज आहे. शर्यतीच्या गाडीचं सस्पेन्शन बसवावं तर मीच, असं पार इंदूरपर्यंत बोलतात, आणि खोटं नाही बोलत! मला गर्व आहे, तो मी कधी लपवला नाही. लपवलंय ते वेगळंच.

नाशिकच्या एका मॅडमची गाडी आली होती. धुळ्याजवळ मातीच्या ट्रॅकवर पळवायची होती. मी लॅपटॉप उघडून कडक स्प्रिंगा निवडल्या — आणि गाडी खड्ड्याखड्ड्याला बेडकासारखी उड्या मारायला लागली. चार दिवस गेले. डोकं चालेना.

तेव्हा सुकदेवनाना बोलले. चोपड्याचे. तीस वर्षं केळीचा ट्रक चालवला, नजर अधू झाली म्हणून सोडला. माझ्याकडे नुसते गप्पांना येऊन बसायचे. म्हणाले, “भाऊ, लॅपटॉपले काय इचारस? फणीले इचार. ती बठ्ठं सांगस.” केळ्याची फणी म्हणे सगळं सांगते!

पिकलेल्या केळ्यांची फणी खोक्यात ठेवायची, खोका डिकीत, आणि गाडी पळवून आणायची. डाग खालून पडले तर गाडी बूड आपटतेय, कडक करा. वरून पडले तर उसळतेय, नरम करा. मी हसलो. पण केलं. अकरा फण्या काळ्या झाल्या, बारावी पिवळीधमक परत आली! असं सेटिंग माझ्या हातून जन्मात झालं नव्हतं. आजही सांगताना छाती फुगते.

मॅडम जिंकल्या आणि थेट गॅरेजवर आल्या. नाना सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसले होते — फणीची रीत त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायची होती. “कुणी केलं हो हे सेटिंग?” मॅडमनी विचारलं. केळ्यांची लाज वाटली का मला? की कौतुकात वाटेकरी नको होता? — दोन्ही. “मीच. लॅपटॉपवर,” म्हणालो.

“आणि हे काका?”

“ते — गाड्या धुतात आमच्याकडे.”

नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उठले, कोपऱ्यातला फडका घेतला, आणि माझं खोटं उघडं पडू नये म्हणून त्या गाडीचं बोनेट पुसायला लागले. इस्त्रीच्या बाह्या काळ्या झाल्या तरी पुसत होते. मी समोरच उभा होतो, मॅडमशी बोलत. मी त्यांना थांबवलं नाही.