खालच्या वस्तीतला एक जण

"आणि खालच्या वस्तीतला एक जण."

आबा एवढंच बोलले. हातातल्या कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि माइकवर म्हणाले, "चला, दोन मिंटं उभं ऱ्हावा समद्यांनी."

तो एक जण माझा बाप होता. त्याला जाऊन दोन महिने झाले होते.

देवळापुढच्या मंडपात ग्रामसभा भरली होती. आमच्या गावात वर्षातली मोठी सभा श्रद्धांजलीनं सुरू होते. वर्षभरात जे जे माणूस गेलं त्याचं नाव वाचायचं, त्यानं आयुष्यात काय केलं ते दोन ओळींत सांगायचं, मग सगळ्यांनी उभं राहायचं. वाचायचा मान आबांचा. आबा म्हणजे माजी सरपंच, आत्ताच्या सरपंचाचे चुलते. लिहायचं काम माझं. मी ग्रामपंचायतीत संगणकावर बसते. मृत्यूच्या नोंदी माझ्याच हातून होतात, म्हणून ही यादीही माझ्याकडं आली. मला ते काम आवडायचं. खोटं कशाला बोलू?

दोन ओळींसाठी मी घरोघर जायचे. यंदा सात माणसं गेली. एक मावशी होती, तिनं अर्ध्या गावाची बाळंतपणं केली. एक बाई भुशीच्या धरणावर कणसं भाजायची, त्याच्यावर तीन पोरी शिकवल्या. एक काका रेल्वेत गँगमन होते, घाटातले रूळ तपासत म्हातारे झाले. सगळ्यांचं मी मन लावून लिहिलं. सातव्या नावासाठी मात्र मला कुणाचं दार वाजवावं लागलं नाही.

बा गावाचा सांगावा न्यायचा. फोन नव्हते तेव्हा कुणी मेलं की वरच्या आळीतून हाक यायची आणि बा ताटावरून उठायचा. मयताची बहीण, लेक जिथं दिली असेल तिथं पायी जायचं. कधी वलवण, कधी पार शिरगाव. महारांचं काम म्हणून ते आमच्याकडं लावलेलं. नको म्हणायची सोय नव्हती.

एकदा हट्ट करून मी त्याच्या मागं गेले. आठेक वर्षांची असेन. वलवणला एका घरापुढं बा अंगणाच्या बाहेर उभा राहिला, खबर सांगितली. आत रडारड उठली. मला तहान लागली होती. एका बाईनं वरून पाणी ओतलं, मी ओंजळ धरली, निम्मं फ्रॉकवर सांडलं. परत निघताना मी वळून बघितलं. तीच बाई डोळे पुसत पुसत, आम्ही उभे होतो तिथल्या मातीवर पाणी शिंपडत होती. तिचं रडणं खरं होतं. पण त्या रडण्यातही तिला विटाळ आठवला.

वाटेत बा म्हणाला, "नाव पुरं घ्यायचं असतंय बघ. त्याचं, त्याच्या बाचं, आळीचं."

हे तो उगाच सांगत नव्हता. तरुणपणी त्यानं एका माहेरी आलेल्या बाईला "तुमचं तात्या गेलं" एवढंच सांगितलं होतं. तिचा नवराही तात्या आणि चुलतसासराही तात्या. मेला होता चुलतसासरा. बाईनं नवरा गेला समजून बांगड्या फोडल्या. त्या चुकीसाठी आबांच्या वडलांनी माझ्या बापाला चावडीपुढं दिवसभर उन्हात उभं केलं. नाव अर्धं घेतलं म्हणून.

आणि आता त्याच घरातल्या माणसानं माझ्या बापाचं नाव अर्धंसुद्धा घेतलं नाही.

मीही उभी राहिले. हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. एक जण म्हणून उल्लेखलेल्या माझ्याच बापासाठी दोन मिनिटं मान खाली घालून मी उभी होते. मग सगळे बसले. मी बसले नाही.

"आबा, एक नाव राहिलं."

"बस गं. समद्यास्नी म्हाईत हाय."

"माहीत आहे तर घ्या ना."

मागून कुणीतरी हसलं. आबा समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुजा बा व्हता, कळतंय. पर सांगावं न्हेलं, ह्ये काय सभेत वाचायचं असतंय व्हय? तुलाच कमीपणा."

मला कमीपणा! तळेगावच्या कॉलेजात वडील काय करतात विचारलं की मी 'शेती' सांगायचे. आमची एक गुंठाही जमीन नव्हती. इतकी वर्षं मी तो कमीपणा माझा समजून लपवत होते. तो पाणी शिंपडणाऱ्या बाईचा होता. माणसाला उन्हात उभं करणाऱ्यांचा होता. त्यांचं ओझं मी वाहत होते आणि त्या क्षणी मला माझीच चीड आली.

मी पुढं गेले. कुणीतरी माइक बंद केला. मी तसाच आवाज चढवला. कागद लागला नाही, ओळी माझ्याच होत्या.

"किसन धोंडिबा, खालची वस्ती. पाय चालत होते तोवर या गावाच्या प्रत्येक मयताची खबर पायी पोचवली. एका चुकीनंतर कुणाचंही नाव अर्धं घेतलं नाही."

कुणी उभं राहिलं नाही. मागं बसलेली आमची माणसं अर्धवट उठली, इकडंतिकडं बघून परत बसली. त्यांचाही राग आला. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक प्रोसिडिंगचं बुक घेऊन आले. सभेचा वृत्तांत त्यांचा, अक्षर माझं. म्हणाले, "ताई, 'श्रद्धांजली वाहण्यात आली' एवढंच लिहा, नेहमीसारखं. तुमच्या नेमणुकीची ऑर्डर दर वर्षी सरपंचांच्या सहीनं निघते, विसरू नका."

विसरले नव्हते. मी लिहिलं, 'सहा मयतांची नावे वाचण्यात आली. सातवे नाव, किसन धोंडिबा, खालची वस्ती, वाचण्यात आले नाही.' शाईनं लिहिलं. ग्रामसेवकांनी अजून सही केलेली नाही. मी खोडलेलं नाही.

नोकरी गेली तर जाऊ दे. यादी मी सोडणार नाही. यापुढं तो कागद कुणाच्या हातात देणार नाही, लिहीन मी आणि वाचीन मी. मंडपात वाचू दिलं नाही तर बाहेर रस्त्यावर वाचीन.

आबांनी ऐंशी ओलांडलीय. कधीतरी त्यांच्याही दोन ओळी मला लिहायच्या आहेत. त्यांचं नाव मी पुरं घेईन, बानं शिकवलं तसं. त्यांचं, त्यांच्या वडलांचं, आळीचं. पहिल्या ओळीत लिहीन की त्यांनी शाळेला जागा दिली. दुसऱ्या ओळीत लिहीन की त्यांनी भर सभेत एका मयताचं नाव घडी घालून खिशात टाकलं.