वरच्या बंधाऱ्याची आक्का

माझी थोरली बहीण, सुभद्राआक्का, मनाने वाईट नाही. शेजारणीच्या गळ्यात नवी बोरमाळ दिसली तर ती कौतुकाने हातात घेऊन बघते. गावात कोणाच्या पोराला नोकरी लागली तर पहिला पेढा मागून खाते. जगात तिचं पोट दुखतं ते एकाच माणसावरून, आणि ते माणूस म्हणजे आमची धाकटी बहीण तुळजाबाई. मी दोघींच्या मधला. मांजरसुंब्याच्या चौकात माझं चहा-भज्याचं हॉटेल आहे आणि दोघींची सासरं एकाच नदीवर आहेत. त्यामुळे दोघींचे निरोप, डबे आणि टोमणे माझ्याच गल्ल्यावरून पुढे जातात.

भाऊबीजेला मी दोघींना एकाच रंगाची, एकाच काठाची साडी घेतो. शहाणपण म्हणूनच घेतो. तरी आक्का दोन्ही घड्या उलगडून दारातल्या उजेडात धरते आणि म्हणते, "तुळजीचा काठ जरा रुंद हाय."

याचं मूळ सोयरिकीत आहे. आक्काला आमच्या वडिलांनी पिंपळटाक्याला दिली. नदीकाठचं काळंभोर रान, अन् रानाला खेटूनच कोल्हापुरी बंधारा. तुळजीला त्याच नदीने खाली लोणखेडला दिली, तिथे तेव्हा कुसळं उगवायची. त्या काळात आक्काची तुळजीवर माया फार. ज्वारीचं गाठोडं द्यायची, जुनं लुगडं द्यायची, अन् चार बायांत सांगायची की धाकटीच्या रानात नुसते दगड, मी आहे म्हणून भागतंय. पुढे लोणखेडलाही बंधारा झाला. तुळजी आणि तिच्या नवऱ्याने तळ्यातला गाळ ओढून त्या दगडांवर रान तयार केलं. गाठोडी बंद झाली. घेणारा घ्यायचा थांबला की देणाऱ्याला करमत नाही, हे मी आक्काकडे बघून शिकलो.

त्यात तुळजीने उलट वानवळा सुरू केला. आपल्याकडे रानात पहिलं जे येईल ते सोयऱ्यांना धाडायची रीत आहे. तुळजी वांगी धाडायची, मेथी धाडायची, थंडीत हुरड्याची कणसं धाडायची. आक्का पिशवी उघडून बघायची, अन् तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "दावायला धाडती," म्हणायची, आणि सगळं खायची.

गेल्या साली तर कहर झाला. बंधाऱ्याच्या खांबांमधल्या खाचांत लोखंडी फळ्या बसवतात, गावात त्यांना गेट म्हणतात. परतीचा पाऊस होऊन गेला की दसऱ्यानंतर गेट टाकायचे आणि पाणी अडवायचं, मृगाच्या आधी काढून ठेवायचे, म्हणजे पूर आला तर मोकळा निघून जातो. ही सगळीकडची रीत. पण गेल्या साली परतीचा पाऊस आलाच नाही. पिंपळटाक्याचे गेट पडेपर्यंत नदीतलं पाणी खाली गेलेलं होतं आणि लोणखेडच्या बंधाऱ्यात, पोटाशी जी काय खोलगट जागा आहे तिच्यात, साठून राहिलं होतं. आक्काची ज्वारी दाणा भरायच्या वेळी वाळली. घरात वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा त्या एकाच रानातून येतो. लोणखेडहून मात्र हुरडा आला, लुसलुशीत. आक्काने तो पहिल्यांदाच खाल्ला नाही. गाईपुढे टाकला.

आमचे दाजी, सुंदरराव, पिंपळटाक्याच्या पाणी समितीचे अध्यक्ष आहेत. म्हणजे सही त्यांची असते. या साली महालक्ष्म्या उठल्या तशी आक्का त्यांच्यामागे लागली, गेट टाका.

"कावून घाई करतीस?" दाजी म्हणाले. "परतीचा अजून यायचाय."

"गेल्या साली आलता का? तवा कुनी पाणी दिलं तुमाला? सगळं खाली जाऊन तिच्या रानात बसलं."

समितीतल्या म्हाताऱ्या तात्याबांनीही सांगून बघितलं की भादव्यात नदीला बांधू नये. आक्काने त्यांना चहा पाजला आणि गेल्या सालची वाळलेली कणसं पुढ्यात ठेवली. तात्याबांचंही रान तसंच वाळलं होतं, त्यांनी मान डोलावली. भादव्यातच गेट पडले.

पंधरवड्यात बंधारा काठोकाठ भरला. आक्काने मला मुद्दाम बोलावून घेतलं. बंधाऱ्यावर उभी राहून पाणी दाखवलं, पदर खोचून, जणू तिनेच घागरीने ओतलं होतं.

"तिकडं किती हाय?" तिने विचारलं.

"घोट्याएवढं," मी म्हणालो.

त्या दिवशी मला चहात नेहमीपेक्षा जास्त साखर मिळाली. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं मी पाहिली आहेत, पण कापताना इतकी खुशीत असलेली दुसरी पाहिली नाही.

मग पाऊस आला. परतीचा, गेल्या सालचाही राग काढत आला. कपिलधारचा धबधबा बघायला निघालेली माणसं माझ्या हॉटेलातूनच माघारी फिरली, रस्ता दिसत नव्हता. पिंपळटाक्यात सकाळी पाणी बंधाऱ्यावरून वाहू लागलं. दाजी आणि गावातली माणसं दोर लावून गेट उपसायला गेली, पण वरून वाहून आलेल्या पऱ्हाट्या, बाभळी, कडब्याच्या पेंढ्या गेटांवर दाबून बसल्या होत्या. एकही फळी हलली नाही. नदीला समोरून वाट मिळेना, तेव्हा तिने बंधाऱ्याच्या कडेचा काठ फोडला आणि बाजूने वाट काढली. ती वाट आक्काच्या रानातून गेली. उभ्या सोयाबीनसकट माती गेली, खाली पांढरा मुरूम उघडा पडला. माणूस-जनावर वाचलं, तेवढंच नशीब.

दुपारी आक्काचा फोन आला. मी घाबरून उचलला.

"रान गेलं रे, नवनाथ," ती म्हणाली. आणि त्याच दमात, "तुळजीचं किती गेलं?"

लोणखेडची बातमी दोन दिवसांनी आली. तुळजीचं रान सखल आणि रुंद आहे, तिथे पाण्याचा जोर मोडला आणि आक्काची माती तिथेच बसली. गुडघाभर काळी माती. सांगणारा म्हणाला, वरच्या आक्काने धाकटीला रानच आंदण दिलं. हे आक्काच्या कानावर गेलं आणि ती दोन दिवस जेवली नाही. आपलं गेलं याचं दुःख तिला होतंच, पण ते तिकडे गेलं हे तिच्याने गिळवेना.

भाऊबीजेला दोघी माझ्याकडे आल्या, आक्काबरोबर दाजीही. आक्काने साडी उलगडूनही बघितली नाही, तशीच पिशवीत घातली. जेवणं झाल्यावर तुळजी म्हणाली, "आक्का, तुझी माती माझ्या रानात येऊन पडलीय. घेऊन जा."

"माझी कशावरून? भांड्यावानी नाव घातलंय का तिच्यावर?"

"नाव कशाला पायजे? आमच्या रानात इतकी काळी कदी व्हती? तूच तर समद्यांना सांगत व्हतीस."

आक्काने ताटं उचलायला घेतली. आणि दाजी, जे लग्न झाल्यापासून तिच्या आधी कधी बोलले नव्हते, ते बोलले. "धाडून दे, तुळजाबाई. आजून उशिराची ज्वारी पेरता यील. मी पसरून घेतो."

ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. मुरमावर माती पडू लागली. आक्का बांधावर पाठ करून बसायची, पण प्रत्येक ट्रॉली रिकामी झाली की उठून मूठभर माती चोळून बघायची. चार दिवसांनी माझ्या हॉटेलात येऊन उभी राहिली. "वरची वाळू-वाळू धाडती, खालची चांगली ठिवून घेती. मला घेऊन चल. मी डोळ्यानं बघते."

मी मोटारसायकल काढली.

तुळजी रानात खोऱ्याने माती ओढत होती, बरोबर दोन बाया. जिथली माती उचलून झाली होती तिथे आक्का तरातरा चालत गेली, आणि थांबली. खाली सोयाबीन होतं. ओळीच्या ओळी, आडव्या दाबलेल्या, काळ्या पडलेल्या. आक्का वाकली. एक शेंग तोडून तिने अंगठ्याने फोडली. दाणे भरलेले होते आणि आतल्या आत कोंब येऊन सडले होते.

"काढायला आलतं?" तिने विचारलं.

"बाया सांगून ठिवल्या व्हत्या," तुळजी म्हणाली. "पावसानं उघाड दिली की काढणार व्हतो."

"सगळंच?"

"सगळंच. पाणी आलतं तसं निघून गेलं असतं, आक्का. माती बसली वर."

तिने हे आवाज न चढवता सांगितलं, आणि पुन्हा खोरं हातात घेतलं. आक्काने शेंग टाकली नाही, पदराच्या टोकाला बांधली. चहा झाला. चहा पिताना आक्काने बशीकडेच बघितलं.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. पिंपळटाक्याचा बंधारा दिसू लागला. गेट आता काढून काठावर रचून ठेवले होते, वाकडे झालेले.

"तिला फोन लाव," आक्का म्हणाली. "म्हणावं उद्यापासून ट्रॉल्या बंद. राहिलेली माती तिथंच राहू दे."

"आक्का, आपलं निम्मं रान आजून उघडं हाय."

"राहू दे म्हणलं ना."

मी गाडी थांबवली आणि वळून बघितलं. ती पदराच्या गाठीतली शेंग बोटांनी चाचपत होती आणि तिचे डोळे भरले होते.

"नवनाथ," ती म्हणाली, "तिचं सोयाबीन आपल्यापरीस दाट व्हतं रे."