बेशुद्ध पडणाऱ्याची मूठ

आमच्या घरच्या खेळात एक नियम आहे, तो दुसरीकडे कुठे नसावा. तुमचं पात्र बेशुद्ध पडलं की तुम्ही स्वतः मूठ उघडायची. मुठीत जे असेल ते सतरंजीवर पडू द्यायचं आणि पात्र शुद्धीवर येईपर्यंत गप्प बसायचं. दुसरा भाग मला कधीच जड गेला नाही.

खेळ अगदी बैठा आहे. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, गोष्ट सांगतो आणि आम्ही त्या गोष्टीतली एकेक व्यक्ती होतो. आपण काय करतो ते बोलून दाखवायचं. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येकाला थोडा थोडा जीव दिलेला असतो. मार बसला की तो कमी होतो, आणि शून्यावर आला की माणूस बेशुद्ध. दादा पुण्याला इंजिनिअरिंग करताना हे शिकला आणि अमडापूरला परत आला तेव्हा फाशांची पुरचुंडी सोबत घेऊन आला. खेळणारे आम्ही तिघंच. वहिनी, दादाचा शाळेपासूनचा मित्र, ज्याचं गावात कृषी केंद्र आहे, आणि रविवारी चिखलीहून बसने येणारी मी.

मी इंग्रजी माध्यमातली. माझं मराठी पुस्तकातून आल्यासारखं येतं, आणि त्यामुळे मी ते जपून वापरते. मी तोंड उघडलं की मित्र आवाज कमी केल्याची खूण करून म्हणायचा, "थांबा बे, बातम्या लागल्या." त्याच्या मनात काही नसायचं. पण मी खेळात 'मी जाते', 'मी बघते', 'मी धरते' एवढ्यावर भागवायला शिकले.

हातात वस्तू धरायची पद्धत वहिनींची. सुरुवातीला दादाचा मित्र एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, शिवाय मशाल धरायचा आणि वर दारही उघडायचा. दादा वैतागायचा, मित्र वाद घालायचा. एक दिवस वहिनी उठल्या, स्वयंपाकघरातून पितळेची पळी आणि पातेल्यावरचं झाकण घेऊन आल्या आणि त्याच्या दोन हातांत दिलं.

"हे धरा भाऊजी. आता उघडा दार."

"वहिनी, असं काऊन करता? खेळ आहे हा."

"म्हणूनच म्हणते. चार हात पाह्यजे असन तर देवी व्हा, आमी आरती करू."

त्या दिवसापासून तलवार म्हणजे पळी, ढाल म्हणजे झाकण, कंदील म्हणजे काडेपेटी आणि दोर म्हणजे परकराचा नाडा. वहिनींचं पात्र एक लोहारीण होती. तिचा हातोडा म्हणजे खलबत्त्यातला बत्ता. लढाई सुरू व्हायच्या आधी दादा विचारतो, "हातात काय?" आणि आम्ही हात पुढे करून दाखवतो. हातातलं बेशुद्ध झाल्यावर पडतं. कमरेला खोचलेलं पडत नाही. पडलेलं उचलायला एक पाळी खर्च होते, टाकायला काहीच लागत नाही. एवढं साधं करून ठेवलेलं मी कुठल्याच नियमांच्या पुस्तकात पाहिलं नाही, आणि ती पुस्तकं आमच्यात मीच सगळ्यात जास्त वाचली आहेत.

लोहारीण वहिनींची पहिलीच आणि एकुलती एक होती. मित्राची तोवर चार पात्रं मेली होती; तो चहा संपायच्या आत नवीन तयार करायचा. वहिनींनी मात्र सांगून ठेवलं होतं, "ही गेली तर मी नाही बसणार. मले दुसरी नको." त्यांचं बोलणं हसत हसत असलं तरी खरं असतं. त्या उठल्या असत्या तर दादा धरून आम्ही तिघं उरलो असतो, त्यात बातम्या वाचणारी एक. डाव तिथेच मोडला असता. आणि आठवड्यात मी मोकळेपणाने बसते अशी जागा ती एकच होती.

त्या रविवारी दादानं आम्हाला एका मोठ्या विवराच्या कडेवर आणून ठेवलं होतं. तळाला खारं पाणी, उतारावर बाभळी. विवर कुठलं ते आम्हाला सांगावं लागत नाही. लोणार आम्ही सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलंय. कड्याच्या मध्यावर एका कपारीत किल्ली अडकलेली होती. ती आणायला लोहारीण दोराला धरून खाली उतरणार होती.

"वरून दोर कोण धरन?" दादानं विचारलं.

मी म्हणाले, "मी धरते."

नाड्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं वहिनींच्या. त्यांनी बत्ता पदरात गुंडाळून कमरेला खोचला. मागे गादीवर त्यांची चार वर्षांची लेक झोपली होती, म्हणून सगळे हळू बोलत होते.

किल्ली मिळाली, आणि त्याच वेळी झाडीतून दादाचं जनावर आलं. रानडुकराएवढं, दोन तोंडांचं. एक तोंड मित्रावर गेलं, एक माझ्यावर. दादानं फासा टाकला, आकडा पाहिला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. माझा जीव शून्यावर आला.

मी मूठ उघडली. नाडा पडला नाही.

मला कळलंच नव्हतं, पण बसल्या बसल्या मी तो मनगटाभोवती दोनदा गुंडाळला होता. मला ही सवय आहे. ओढणीचं टोक, चार्जरची वायर, जे हातात येईल ते.

मित्र आनंदानं जवळजवळ ओरडला. "पाह्य! गुंडाळला आहे तिनं! सुटन कसा?"

"ती बोलली नाही गुंडाळते म्हणून," दादा म्हणाला. "धरते म्हणाली."

"अबे, बोलते कधी ती? हातानं केलं ना? आन् तसंही, बेशुद्ध माणूस घट्ट धरून ठेवते. विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागलेला पाह्यला नाही काय तू?"

"करंटचं वेगळं असते."

"काय वेगळं असते?"

दादानं मला फोनवर नियम बघायला सांगितलं. पुस्तकात ओळ होती: बेशुद्ध झालेला हातातलं सगळं टाकतो आणि आडवा पडतो. गुंडाळलेल्याबद्दल काही नव्हतं. मी फोन त्याच्यापुढे धरला. मी बेशुद्ध होते, बोलायचं नव्हतं.

वहिनी तोवर गप्प होत्या. खाली लोंबकळणारी लोहारीण त्यांचीच, त्यामुळे मला वाटलं त्या मित्राच्या बाजूनं बोलतील. कुणीही बोललं असतं. दादाही, मला वाटतं, त्याचीच वाट पाहत होता; नवरा म्हणून त्यालाही ते सोपं गेलं असतं.

"हात सुटते," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तुमीच मरान ना!"

"मरन तं मरन. पण सुटते. मले माहीत आहे." नाड्याचं टोक त्यांच्या हातातच होतं. "लग्नाच्या आधी, सुलतानपूरले. उन्हाळ्याचे दिवस, उपास होता. भाचा कडेवर होता माह्या, दीड वर्साचा. दोन्ही हात असे एकात एक अडकवून धरला होता त्याले. आंगणात उभी होती, आन् डोयासमोर अंधार आला. मले वाटलं मी त्याले घट्ट धरलं आहे. मंग डोये उघडले तं मी खाली, आन् तो पायरीपाशी रडून राह्यला."

दादानं हातातला फासा खाली ठेवला.

"हनुवटीले टाके पडले. आता चांगला मोठा झाला आहे, मलेच चिडवते, आत्या, तू मले फेकलं म्हणून. पण मी फेकलं नोतं. सोडलंही नोतं. आपल्याले कळतच नाही हात कधी सुटला ते."

हे दादालाही माहीत नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. मला मात्र एक गोष्ट आठवली. वहिनी लेकीला उचलताना आधी भिंतीला पाठ टेकतात. आधी टेकतात, मग वाकतात. मी कितीतरी वेळा पाहिलं होतं आणि पाठ दुखत असेल असं समजून सोडून दिलं होतं.

"हात सुटला तरी मनगटाचा वेढा ऱ्हायला ना," मित्र म्हणाला, पण आता हळू.

"करून पाहू," वहिनी म्हणाल्या. "ननंदबाई, आडवी पड. हात ढिला सोड. मी ओढते."

मी सतरंजीवर आडवी झाले, हात लांब टाकला, डोळे मिटले. त्या क्षणी सगळं माझ्या बोटांत होतं. करंगळी जराशी वाकवली असती तरी वेढा अडकला असता आणि कुणाला दिसलंही नसतं. वहिनींच्याही हातात तेवढंच होतं. त्यांनी नाजूक ओढलं असतं तर नाडा माझ्या मनगटावरच आवळला असता, लोहारीण वाचली असती, आणि कुणी त्यांना काही म्हटलं नसतं.

त्यांनी नाडा ओढला तो भरल्या अंगाच्या बाईच्या वजनानं, हातोडा आणि किल्लीसकट. पहिला वेढा निघाला, दुसरा माझ्या अंगठ्यावर क्षणभर थांबला आणि तोही निघाला. माझी बोटं ढिलीच होती. ती गोष्ट ऐकल्यावर ती वाकवणं मला जमलं नसतं.

"सुटला," वहिनी म्हणाल्या. आवाजात फरक नव्हता. फक्त नाड्याचं सुटलेलं टोक त्या मांडीवर सरळ करत बसल्या.

आता पाळी मित्राची होती. त्याच्यासमोर दोन तोंडांचं जनावर, एका हातात पळी, दुसऱ्यात झाकण. ती तलवार त्यानं आजवर कधीच सोडली नव्हती. झोपतानाही पात्र ती हातात घेऊनच झोपतं असं तो दादाला दरवेळी बजावून सांगायचा. त्यानं पळीकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं.

"टाकायले पाळी लागत नाही ना?"

"नाही," दादा म्हणाला.

त्यानं दोन्ही हात उघडले. पळी आणि झाकण फरशीच्या कडेवर अशी आदळली की लेक दचकून उठली. त्यानं झेप घेऊन नाडा पकडला, खरोखरची झेप, दादाच्या चहाच्या कपावरून. फासा टाकला. चौदा आले. पुरे होते.

"धरलं, वहिनी! दोन हातानं धरलं! या वर लवकर, हे मले खाऊन राह्यलं इकडे!"

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना फासा टाकता येईना. पुढच्या दोन फेऱ्यांत मित्राच्या पात्राची पार दशा झाली, पण त्यानं दोर सोडला नाही. लोहारीण वर आली. आल्या आल्या जनावरावर धावून जाईल असं दादाला वाटलं होतं. तिनं आधी मला ओढून कडेपासून आत घेतलं, मग कमरेचा हातोडा काढला.

घरात मी चांगले लोक पुष्कळ पाहिलेत, पण बहुतेक वेळा त्यांच्या चांगुलपणासाठी त्यांना स्वतःला काही मोजावं लागलेलं नसतं. त्या दुपारी वहिनींची आवडती एकुलती एक गोष्ट जाणार होती, आणि त्यांनी खरं सांगून वर नाडाही खरा ओढला. बाहेरच्या कुणाला हे सांगायला गेलं तर परकराचा नाडा आणि पळी यांच्यातच अडकायला होतं. म्हणून मी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

डाव संपला तेव्हा लेक पुन्हा झोपली होती, सतरंजीच्या कडेला, तोंडात बोट घालून. वहिनी तिला आतल्या खोलीत न्यायला उठल्या, भिंतीला पाठ टेकली आणि वाकायच्या आधी थांबल्या, कारण मी मध्ये उभी राहिले होते.

"मी धरते," मी म्हणाले.

"धरते म्हणजे कशी? नीट सांग आधी."

दादा आणि मित्र दोघंही बघत होते. मित्रानं खूण करायला हात उचलला होता.

"दोन्ही हातांनी," मी म्हणाले. "पाठ भिंतीला लावून. तुम्ही पुढे चालून पडदा बाजूला करा आणि उशी सरळ करा. दारापाशी मी सांगेन, मग तिचे पाय तुम्ही घ्या."

मित्राचा हात तसाच खाली आला.

"हाव," वहिनी म्हणाल्या आणि पडदा धरायला पुढे गेल्या.