काळ्या काचांची गाडी

माझ्या धाकट्या भावानं मलकापुरात जुनी पांढरी गाडी घेतली, तेव्हा ती चारचौघांच्या गाडीसारखीच होती. दिवाळीला मी बुलढाण्याहून माहेरी गेले तोवर ती ओळखू येत नव्हती. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवलेली. चाकं बाहेर आलेली. मागे विमानासारखा पंख. सायलेन्सर बदललेला, त्यामुळे गाडी सुरू केली की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. नंबर प्लेटवरचे आकडे वळवून वळवून ‘दादा’ लिहिल्यासारखे केलेले. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात, ‘नजर खाली ठेव, मालक येऊन राह्यला’. आणि चारही बाजूंच्या काचांना काळी फिल्म, इतकी गडद की दुपारच्या उन्हातही आत कोण बसलंय ते कळू नये.

“हे काय करून ठेवलं?” मी विचारलं.

“ताई, साध्या गाडीले कोणी इचारत नाही,” तो म्हणाला. “नवरदेवाले अशीच लागते.”

मग त्यानं मला हॉर्न दाखवला. दोन सीटांच्या मध्ये बटणांची एक डबी बसवली होती. एक बटण दाबलं की सनई, दुसऱ्याला घोड्याचं खिंकाळणं, तिसऱ्याला लहान बाळाचं रडणं. साधा हॉर्न त्यानं काढूनच टाकला होता. बाळ रडलं तशी शेजारची बाई दारात येऊन बघून गेली. भाऊ हसला. मला ते सगळं भिकार वाटलं, पण तसं तोंडावर म्हणवलं नाही. पोलीस भरती, तलाठी, अशा परीक्षा देता देता त्याचं वय निघून गेलं होतं. नंतरची काही वर्षं तो घरातून फारसा बाहेर पडला नव्हता. आता लग्नसराईसाठी त्याला फोन येत होते. लोक गाडीपाशी उभे राहून फोटो काढत होते. तो पुन्हा दाढी करायला लागला होता.

बाबांचं काय मत होतं ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. त्यांचा सगळा जन्म जिनिंगमध्ये गेला, कापसाच्या धुळीत. बोलायचं कमी आणि खोकायचं जास्त, अशी सवय झालेली. सायलेन्सरच्या आवाजानं ते कपाळाला आठ्या घालायचे. पण सकाळी भाऊ उठायच्या आधी गाडीवरची धूळ खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसताना मी त्यांना पाहिलंय. मी बघतेय हे लक्षात आलं की दुपट्टा झटकून आत यायचे.

उन्हाळ्यात दुसरबीडला आमच्या आत्याच्या मुलाचं लग्न होतं. आई, बाबा आणि भाऊ मलकापूरहून निघाले आणि बुलढाण्यात मला घेतलं. गाडी नवरदेवासाठी न्यायची होती म्हणून धुऊन चकाचक केलेली. प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासत होतं आणि दर वेळी बाबा सीट घट्ट धरत होते. चिखलीच्या पुढे त्यांना घाम यायला लागला. आईनं विचारलं तर म्हणाले, “काही नाही, ऊन आहे.”

लग्न सकाळीच लागलं. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, पंगती बसल्या. बाबांनी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. “मी जरा टेकतो,” म्हणाले. मांडवात पंखे होते, पण गरम वारा फेकत होते. भाऊ त्यांना गाडीकडे घेऊन गेला. मागच्या सीटवर आणि पुढच्या एका सीटवर आहेराची भांडी, साड्यांचे गठ्ठे होते, म्हणून त्यानं बाबांना स्वतःच्या जागेवर, स्टिअरिंगसमोर बसवलं. इंजिन सुरू ठेवून एसी लावला, सीट मागे केली.

“बाबा, पडून राहा. वरातीच्या टायमाले उठवतो.”

“हाव,” बाबा म्हणाले. मी गाडीपाशीच उभी होते. दार लागलं आणि काचेत मला माझाच चेहरा दिसला.

गाडीच्या समोर पन्नासेक पावलांवर डीजे लागला होता. वरात निघायला वेळ होता, पण पोरांना दम निघत नव्हता. मी बायकांमध्ये जाऊन बसले. भाऊ पंगतीत मठ्ठा वाढायला लागला. थोड्या वेळानं सनई वाजली. गाडीची सनई.

पोरं खूश झाली. डीजेवाल्यानं आपलं गाणं थांबवलं आणि माइकवर म्हणाला, “वाजू द्या भाऊ, वाजू द्या.” परत सनई वाजली. मग घोडा खिंकाळला, परत परत. पोरं गाडीच्या भोवती गोल करून त्या आवाजावर नाचू लागली. मग बाळ रडलं. त्याला तर जास्तच हशा पिकला. माझ्या शेजारची एक म्हातारी म्हणाली, “तुह्या भावाची गाडी बोलते बाप्पा.” मीही हसले असेन. मला वाटलं, भाऊच पोरांना नाचवतोय. भावाला तिकडे पंगतीत वाटलं, एखादा पोरगा गाडीत शिरला. “कोण बसलं बे गाडीत?” असं तो ओरडलासुद्धा, पण हातात मठ्ठ्याची बादली होती आणि पानावर बसलेले लोक ताटकळत होते. वाढून मग जातो, असं त्यानं ठरवलं.

बाळ रडत राहिलं. मग ते रडणं मध्येच तुटलं आणि पुन्हा वाजलं नाही. डीजेवाल्यानं आपलं गाणं परत लावलं.

आई पाण्याची बाटली घेऊन गाडीकडे गेली. नाचणाऱ्यांतून वाट काढत तिनं काचेवर टकटक केलं. “अहो, पानी घेता का?” काचेला डोळा लावून पाहिलं, काही दिसलं नाही. झोपले असतील म्हणून ती परत फिरणार होती. तरी तिनं दार उघडलं. बाबा तिच्या अंगावर कलले.

तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात मांडीवर पडलेला, निर्जीव. डावा हात त्या बटणांवर होता. डोळे उघडे होते आणि ते आईकडे बघत होते.

आईनं किंकाळी फोडली नाही. आवाजात ती ऐकूही आली नसती. तिनं त्यांना खांद्यावर तोलून धरलं आणि दुसऱ्या हातानं मला खूण केली.

भाऊ धावत आला. आम्ही आहेराची भांडी जमिनीवर टाकली आणि बाबांना मागच्या सीटवर निजवलं. जालना जवळ, तिकडेच नेऊ, असं कुणीतरी म्हणालं. पण समोर नाचणारी गर्दी होती. भावानं हॉर्न दाबला, तर सनई वाजली. पोरांनी हात वर केले आणि गाडीसमोर येऊन नाचू लागली. त्यानं दुसरं बटण दाबलं, तिसरं दाबलं. काच खाली करून तो ओरडत होता, पण डीजेपुढे ते कुणाला कळणार. शेवटी आमचे मामा पुढे झाले आणि एकेकाच्या दंडाला धरून बाजूला करत गाडीपुढे चालत राहिले. रस्त्याला लागल्यावर भावानं हॉर्न एकदाही वाजवला नाही. समोर ट्रक असला तर दिवे दाखवायचा.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, “हे होऊन किती वेळ झाला?”

आई माझ्याकडे बघायला लागली.

“हॉर्न वाजाले लागला तवापासून,” भाऊ म्हणाला. डॉक्टरला अर्थातच काही कळलं नाही. त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. भावानं तेच उत्तर पुन्हा दिलं.

बाबा वाचले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ते दवाखान्यात असतानाच नात्यातल्या एका पोरानं लग्नाचा व्हिडिओ टाकला. काळ्या काचांची गाडी, तिच्याभोवती नाचणारी पोरं, मागे बाळाचं रडणं, खाली हसण्याच्या खुणा. टाकणाऱ्याला काही माहीत नव्हतं. आम्ही सांगितल्यावर त्यानं तो काढला, पण तोवर भावानं उतरवून घेतला होता. दवाखान्याच्या जिन्यात बसून तो मला म्हणाला, “ताई, पाह्य ना, आत हात हालताना दिसते का?” मी पाहिलं. काचेत मांडव दिसत होता, पोरं दिसत होती, आभाळ दिसत होतं. आतलं काही दिसत नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं ब्लेड घेऊन काचांची फिल्म खरवडली. नखं रक्ताळली तरी थांबला नाही. आई म्हणाली, आता कशाले. हॉर्नची डबी त्यानं उपटली, वायरी तशाच लोंबत राहिल्या. नवरदेवाच्या गाडीसाठी फोन येत राहिले. तो “गाडी बंद आहे” एवढंच म्हणायचा.

बाबांना अंघोळ तोच घालायचा, भरवायचा, व्यायाम करून घ्यायचा. बाबांना काही हवं असलं की ते डाव्या हातानं खाटेची लाकडी पाटी वाजवायचे आणि भाऊ घरात कुठंही असला तरी पहिल्या ठोक्याला उभा राहायचा. पुढं पुढं न वाजवताही तो उठून बघून यायला लागला. मी एकदा त्याला म्हटलं, “डॉक्टर म्हणाले ना, बीपी आधीपासूनच होतं. कधीतरी होणारच होतं.”

“बिमारी तर होतीच,” तो म्हणाला. “पण त्यायनं आवाज देल्ला होता ना, ताई.”



थंडीत बाबा गेले, सकाळी, चहा पिता पिता. भाऊ त्यांच्याजवळच होता. गाडी खामगावच्या एकानं विकत नेली. भाऊ आता मलकापुरातल्या एका कापडाच्या दुकानात कामाला आहे, पायीच जातो-येतो. आई म्हणते, तो नीट जेवतो, झोपतो, कुणाशी भांडत नाही. फक्त नात्यातलं कुठलंही लग्न असलं की घरी आईसोबत कोणीतरी पायजे, म्हणतो, आणि आम्हाला पाठवून देतो. आई तयार होऊन दारात उभी असली तरी हेच म्हणतो.